दिवाळीची सुटी आणि मराठी घर

दिवाळी हा सण किती प्राचीन आहे हे ठरविण्यासाठी विद्वानांनी पुष्कळ परिश्रम घेतले आहेत. परंतु दिवाळीची सुटी, म्हणजे सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मूल दप्तर कोनाड्यात भिरकावते त्या संध्याकाळपासून दुसऱ्या सत्राची पहिली घंटा होईपर्यंतचा काळ, ही सणाहून निराळी वस्तू आहे आणि तिचा इतिहासही निराळा आहे. सण सहस्र वर्षांहून जुना. सुटी फार तर पावणेदोनशे वर्षांची. सणाला शास्त्राचा आधार आहे, सुटीला शाळा, कचेरी, आगगाडी आणि छापखाना यांचा. आज ज्याला आपण ‘घरची दिवाळी’ म्हणतो आणि जिच्या आठवणीने परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाचाही कंठ दाटतो, ती या दोन वस्तूंच्या संगमातून निर्माण झाली. आणि तिला तिचा आकार कोणा राजाने किंवा धर्माधिकाऱ्याने दिलेला नसून घरातल्या माणसांच्या, विशेषतः घरातल्या स्त्रियांच्या, हातांनी दिलेला आहे, एवढेच या लेखात मला सांगावयाचे आहे.

प्रथम सणाकडे पाहू. राष्ट्रकूटांच्या अमलात इ. स. ९५९ मध्ये सोमदेव सूरीने ‘यशस्तिलक’ हे चंपूकाव्य पूर्ण केले. त्यात दीपोत्सवाचे जे वर्णन आहे त्यात चुन्याने धवलित केलेले वाडे आहेत, गच्च्यांवर ओळीने मांडलेले दिवे आहेत, द्यूत आणि गीतवाद्येही आहेत. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी अल्बेरूनीने हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या ग्रंथात या सणाची नोंद केली. लोक स्नान करून नवी वस्त्रे लेतात, एकमेकांना विड्याची पाने आणि सुपाऱ्या भेट देतात, देवळांत जाऊन दानधर्म करतात आणि रात्री असंख्य दिवे लावतात, असे तो लिहितो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’त या दिवसांची व्रते संगृहीत केली, आणि त्याच यादवांच्या राज्यात, इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी गीतेच्या चौथ्या अध्यायावर निरूपण करताना विवेकाच्या प्रकाशाला दिवाळीची उपमा दिली. उपमान म्हणून जो सण घ्यावयाचा तो श्रोत्यांच्या नित्य परिचयाचा असावा लागतो. तेव्हा नेवाशाच्या श्रोतृवृंदाला दिवाळी ही आपल्या अंगणातली गोष्ट वाटत होती यात शंका नाही. चुना लावलेली भिंत, ओळीने मांडलेले दिवे, नवे वस्त्र आणि शेजाऱ्याच्या हाती दिलेली भेट ही चार अंगे तेव्हापासून आजतागायत टिकून आहेत.

परंतु या सणाला घरातील सगळी माणसे घरी असत का? मराठ्यांच्या राज्यात तरी बहुधा नसत. पावसाळा घरी काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि मुलूखगिरीवर निघावे हा लष्करी रिवाज. आणि दसऱ्यापासून दिवाळी अवघ्या विसाएक दिवसांवर. म्हणजे घरोघर पणत्या लागत तेव्हा शिलेदार, बारगीर, त्यांच्याबरोबर निघालेले कारकून, फडावरचे लेखक आणि बाजारबुणगे हे सर्व पुण्यापासून शेकडो कोसांवर कुठल्या तरी छावणीत असत. इ. स. १७६० चा दसरा भाऊसाहेबांच्या फौजेने नुकत्याच जिंकलेल्या कुंजपुऱ्यास केला, आणि त्याच वर्षीची दिवाळी, अब्दाली समोर येऊन ठाकलेला असताना, पानिपतच्या तळावर उजाडली. पुढे संक्रांतीच्या सुमारास त्या फौजेचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. ती दिवाळी महाराष्ट्रातल्या हजारो घरांत कशी झाली असेल, याची कल्पना मात्र ज्याची त्याने करावी. भाऊबिजेचे ताट कोणापुढे धरले असेल, आणि ज्यांच्यासाठी करंज्या राखून ठेवल्या त्यांची वाट किती महिने पाहिली असेल, हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही.

कागद तर अपार आहेत. पेशवे दफ्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पण त्यांत तह, स्वाऱ्या, वसूल आणि नेमणुका यांना जेवढी जागा आहे तेवढी स्वयंपाकघराला असण्याचे कारण नव्हते. दिवाळीचे दर्शन तिथे होते ते दरबाराच्या अंगाने. चाकरनोकरांना सणानिमित्त द्यावयाची ‘पोस्त’ ही त्या काळची रूढ बाब होती, आणि दिवाळीची पोस्त हा शब्दप्रयोग अगदी परवापर्यंत आपल्या घरांतही ऐकू येत असे. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग पेशव्यांच्या बखरीत आला आहे. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आल्यावर, कोटा संस्थानात दिवाळीला दारूची लंका रचून ती कशी उडवितात याचे वर्णन त्यांनी श्रीमंतांपुढे केले, श्रीमंतांना ते कौतुक पाहण्याची इच्छा झाली, आणि मग पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा उभा करण्यात आला. भारतातील शोभेच्या दारूच्या इतिहासावर संशोधन करणारे भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी हा उल्लेख आवर्जून पुढे आणला आहे. तरुण पेशव्याच्या मनोरंजनासाठी झालेले ते आतषबाजीचे दृश्य पाहावयास सारे पुणे लोटले असेल. तरी ती दरबारची दिवाळी होती, घरची नव्हे.

सुटी आली ती इंग्रजी अमलाबरोबर. तत्पूर्वी आपल्याकडे विश्रांतीचे दिवस नव्हते असे नाही. वेदपाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस पाळले जात, आणि पंतोजींची शाळाही सणासुदीला बंद राही. परंतु हे दिवस महिनाभर विखुरलेले. त्यांत मनुष्य परगावाहून घरी येऊ शकत नसे. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले, १८५७ मध्ये मुंबई विश्वविद्यालय निघाले, आणि वर्षाची दोन सत्रांत वाटणी करून मधल्या सांध्यावर सलग सुटी ठेवण्याची पद्धत हळूहळू रुळली. न्यायकचेऱ्याही याच सुमारास काही दिवस बंद राहू लागल्या. तो सांधा आश्विन-कार्तिकाच्या सुमारास पडला हे आपल्या समाजाचे भाग्य म्हटले पाहिजे. कारण जो काळ पूर्वी पुरुषांना घराबाहेर काढीत असे तोच आता त्यांना घरी आणू लागला. मराठी घराच्या इतिहासात याहून मोठा पालट क्वचितच झाला असेल. आजोबा दसऱ्याला घोड्यावर बसून बाहेर पडत होते. नातू दिवाळीला रजा काढून घरी येऊ लागला.

घरी येण्याची साधनेही त्याच पिढीत सिद्ध झाली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा होऊन मुंबई आणि पुणे एकमेकांना जोडली गेली. कोकणात आगगाडी नव्हती, परंतु पावसाळा संपून समुद्र शांत झाला की आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे घेत पणजीकडे जाऊ लागत. बोट बंदराबाहेर उभी राही, आणि चाकरमानी आपली वळकटी, पत्र्याची पेटी आणि मुलाबाळांसाठी घेतलेली फटाक्यांची पुडी सांभाळीत पडावात उतरे. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले आणि अमुक दिवशी येतो हे घरी कळविण्याची सोय झाली. पूर्वी परगावी गेलेल्या माणसाची वार्ता कळण्यास सावकाराचा कासीद किंवा यात्रेकरू भेटावा लागे. आता कार्ड येताच घरात गणना सुरू होई, कोण कोणत्या दिवशी येणार, किती पाने मांडावी लागणार, आणि अंथरुणे कुणाकडून उसनी आणावयाची.

हा सगळा जमाव ज्यांच्या भरवशावर येत असे त्या स्त्रियांना मात्र सुटी नव्हती. त्यांची कामे नवरात्र उठताच सुरू होत. भिंतींना पोतेरे, जमिनीला सारवण, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करणे, आणि मग फराळाचे सामान. गिरण्या गावोगाव होण्यापूर्वी हे सगळे दळण पहाटे जात्यावर होई. चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची आणि मुगाची डाळ हे सारे निरनिराळे, मंद आचेवर, तांबूस रंग येईपर्यंत भाजावयाचे, त्यात धने आणि जिरे मिसळून दळावयाचे. पुढे कढत मोहन घालून पीठ भिजवावयाचे. मोहन अधिक झाले तर चकली कढईत विरते आणि कमी झाले तर ती दाताला लागत नाही, दात तिला लागतात. म्हणून सोऱ्यातून पहिली चकली पडली की तिला काटा बरोबर आला की नाही हे पाहण्यास घरातली सर्वांत वयस्क बाई चुलीपाशी येऊन बसे.

अनारशाची परीक्षा याहूनही कठीण. तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचे, चौथ्या दिवशी ते उपसून पंचावर पसरावयाचे आणि अंगची ओल पुरती जाण्यापूर्वीच कुटून, चाळून, त्यात तेवढाच गूळ मिसळून तो गोळा डब्यात घालून ठेवावयाचा. काही दिवसांनी त्या पिठाची पारी खसखशीवर थापून साजूक तुपात सोडली, की ती उलटावयाची नसते. झाऱ्याने वरून तूप उडवीत राहावयाचे, म्हणजे जाळी पडते. पाक, ओल किंवा आच यांतले काही जरा चुकले तर अनारसा तुपात फुटून पसरतो आणि सगळे स्वयंपाकघर एकमुखाने म्हणते, ‘हसला!’ ज्या सुनेचा अनारसा पहिल्या वर्षी हसला नाही तिचे नाव त्या घरात पुष्कळ वर्षे निघे. आणि ज्या सासूने हसलेला अनारसा निमूटपणे दुधात कुस्करून मुलांपुढे ठेवला आणि त्याविषयी एक अक्षर काढले नाही, तिचेही नाव सुनेच्या अंतःकरणात निघत असे.

हे पदार्थ अनादिकालापासून असेच आहेत अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः चकलीतले तिखट ज्या मिरचीचे, ती मिरची आणि चिवड्यातला भुईमूग हे दोन्ही पोर्तुगीज इथे आल्यानंतर अमेरिका खंडातून हिंदुस्थानात आलेले आहेत. ज्ञानेश्वरांच्या आळंदीत यांतले काही नव्हते. कोकणात आणि गोव्यात तर फराळाचे मुख्य अंग अजूनही नव्या भाताचे पोहे हेच आहे. भात नुकतेच कापून झोडलेले असते, ते भिजवून, भाजून, उखळात कांडून पोहे होतात, आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी दूधगुळाचे, नारळाच्या रसातले, ताकातले आणि फोडणीचे असे त्यांचे नाना प्रकार केळीच्या पानावर येतात. करंजीतही देशावर सुके खोबरे आणि खसखस, तर कोकणात ओला नारळ. म्हणजे प्रत्येक प्रदेशाने आपल्या मातीतून, आणि प्रत्येक पिढीने आपल्या काळातून, या ताटात भर घातली आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ हे हजार पाकक्रियांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सासूकडून सुनेकडे तोंडी चालत आलेले हे शास्त्र छापील अक्षरांत आले. पण ‘मूठभर’, ‘बेताचे’ आणि ‘अंदाजाने’ ही मापे कोणत्याही पुस्तकाने निकालात काढली नाहीत.

मग चतुर्दशीची पहाट. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० मध्ये सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधू’त या दिवसाच्या अभ्यंगाचा विधी सविस्तर दिलेला आहे, चंद्रोदयाची वेळ, तीळतेल, अंगावरून ओवाळावयाची आघाड्याची फांदी, सर्व काही. घरातल्या मुलांना यांतले शास्त्र ठाऊक नसे. त्यांना ठाऊक असे ती तांब्याच्या बंबाची धग, पाटाभोवतीची रांगोळी, आईच्या तळहातावरचे कोमट तेल, आणि नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांच्या उटण्याचा तो अंगभर दरवळणारा वास. सूर्य उगवण्यापूर्वी न्हाला नाही तो नरकात जातो या धाकाने सर्वांत आळशी मूलही त्या दिवशी अंधारात उठे. आणि ते घंगाळापाशी कुडकुडत बसलेले असताना धाकटे भावंड दारात फुलबाजी लावून उभे राही. स्नान होताच तुळशीपाशी कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडावयाचे, त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा, आणि मग नवे कपडे. वर्षभर ज्या बापाच्या समोर उभे राहण्यास मुले भीत, तो बाप त्या दिवशी स्वतः तेल लावून घेण्यासाठी पाटावर बसलेला असे आणि आई त्याच्या पाठीला उटणे लावीत असे. घरातली अदब त्या एका पहाटेपुरती सैल होई, आणि मला वाटते अभ्यंगाचे खरे फळ तेच.

मुलांचे राज्य असे ते अंगणात. ‘आकाशदीप’ हा कार्तिकातला जुना धर्मविधी, उंच काठीवर देवापितरांप्रीत्यर्थ लावलेला दिवा. त्याचा आकाशकंदील झाला तो मुलांच्या हातून. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने आवळून सांगाडा करावयाचा, पिठाची खळ शिजवावयाची, पतंगी कागद ताणून चिकटवावयाचा आणि खाली झिरमिळ्या सोडावयाच्या. कागद एकदा तरी फाटेच, आणि थोरला भाऊ नेमका तेव्हा मदतीला येई. आत पणती ठेवून कंदील दोरीने वर चढविला की तो तिरका होऊन पेटू नये म्हणून सगळ्यांचे श्वास रोखलेले असत.

किल्ल्याची गोष्ट तर केवळ महाराष्ट्राची. दीपावलीचा सण साऱ्या भारताचा, पण त्या निमित्ताने अंगणात मातीचा डोंगरी किल्ला रचावा ही कल्पना दुसऱ्या कोणत्याही प्रांताच्या मुलांना सुचली नाही. ऋतू तिला अनुकूल आहे, कारण पाऊस नुकताच सरलेला असतो आणि माती अद्याप ओली व घट्ट असते. इतिहासही अनुकूल झाला. १८६९ मध्ये महात्मा फुले यांचा शिवरायांवरील पोवाडा निघाला, १८९५ मध्ये लोकमान्यांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्यास प्रारंभ केला, पुढच्याच वर्षी रायगडावर शिवोत्सव झाला, आणि घरातल्या वडील माणसांच्या बोलण्यात जे नाव वारंवार येऊ लागले ते मुलांच्या खेळात उतरणे स्वाभाविकच होते. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट, मग बुरूज, तट, दिंडी दरवाजा, तळ्यासाठी पुरलेली परात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावयाची, म्हणजे सुटी संपण्यापूर्वी गडावर हिरवे रान उठते. महाराज, मावळे, तोफा आणि गुहेतला वाघ ही चित्रे कुंभारवाड्यातून यावयाची, आणि त्यांच्याबरोबर गवळण, भाजीवाली आणि पाणी भरणारी बाईही यावयाची. कारण किल्ला म्हणजे नुसते लष्कर नव्हे, तिथे रयतही नांदली पाहिजे, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नसे. पाठ्यपुस्तकांतल्या सनावळ्या विसरल्या जातात. पण माची कुठे असते आणि बालेकिल्ला कुठे, हे ज्याने स्वतःच्या हाताने चिखलात घडविले तो ते जन्मभर विसरत नाही.

आता माहेरवाशिणीकडे वळू. मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत त्या काळात दिवाळीचे ‘मूळ’ येणे म्हणजे काय होते, याची कल्पना आजच्या वाचकाला करता येणार नाही. भाऊ किंवा काका मुराळी म्हणून बैलगाडी घेऊन येई, सासरची परवानगी मागे, आणि ती मिळेपर्यंत ती पोर माजघराच्या दारामागे उभी असे. पहिल्या वर्षी दिवाळसणाला जावयाचा मान; पण खरा सण तिचा. माहेरी तिला पहाटे दळावे लागत नसे, पोटभर झोपता येई, आणि सागरगोटे घेऊन आपल्या वयाच्या मुलींत पुन्हा मूल होता येई. १९२९ चा शारदा कायदा आणि त्याहूनही अधिक स्त्रीशिक्षणाचा प्रसार यांनी ही बालवधू मराठी घरातून क्रमशः नाहीशी केली, आणि भाऊबिजेतली ती जुनी व्याकुळता ओसरली. तिच्या जागी भावंडांच्या भेटीचा मोकळा आनंद आला. याच ओवाळणीला महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने एक उदात्त वळण दिले. विधवा आणि निराधार मुलींच्या शिक्षणासाठी ‘भाऊबीज फंड’ काढून संस्थेची माणसे दारोदार गेली, आणि ज्यांना कोणी भाऊ नव्हता त्यांची ओवाळणी साऱ्या महाराष्ट्राने भरावी अशी प्रार्थना त्यांनी केली. घरातल्या एका लहानशा चालीतून लोककार्याचा एवढा मोठा ओघ निघाल्याची उदाहरणे फार नाहीत.

दुपारी फराळाची ताटे रुमालाने झाकून शेजारीपाजारी पोचली, आलेली ताटे रिकामी परत न जाता भरून परतली, म्हणजे घर जरा निवांत होई. आणि अशा निवांत दुपारींसाठी काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. त्या एका अंकापासून जी परंपरा सुरू झाली तिला जोड नाही. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मौज’, ‘सत्यकथा’, ‘हंस’, दीनानाथ दलालांची ‘दीपावली’, अशी तिची शाखा-पल्लवी वाढतच गेली. अंक घरात एकच येई. सकाळी तो वडिलांच्या हातात, दुपारी आईच्या उशाशी, संध्याकाळी मुलांच्या ओढाताणीत. आणि सुटी संपेपर्यंत त्याचे मुखपृष्ठ गळून पडलेले असे. ज्यांना विकत घेणे परवडत नसे त्यांना गावचे वाचनालय होते. फराळाबरोबर साहित्य वाचणारा समाज ही आपली ओळख या घरगुती सवयीने घडविली.

हे सुख सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही, हेही सांगितले पाहिजे. सलग सुटी ही पांढरपेशांची. कुणब्याची बाजरी या दिवसांत खळ्यावर असते आणि रब्बीची पेरणी डोक्यावर. त्याची दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या कपाळी कुंकू लावून सुरू होई आणि पाडव्याला शेणाचे गोकुळ मांडून, इडापिडा टळून बळीचे राज्य येवो असे मागून संपे. पणत्या देणारा कुंभार, दावी देणारा मांग, वेशीची राखण करणारा महार यांचे सणाचे हक्क बलुतेदारीत बांधलेले होते, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांवगाडा’त त्या देण्याघेण्याचे जे चित्र आहे ते वाचले म्हणजे एका घरच्या फराळामागे किती घरांचे कष्ट होते आणि त्यांना परत काय मिळे, याचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला सणाला हात सैल करता येई तो मुख्यतः बोनसाच्या आधारावर. तो मालकांनी बंद केला म्हणून १९२४ च्या प्रारंभी सबंध गिरणगाव संपावर गेले. दरबारातली पोस्त ही धन्याची कृपा होती. बोनस हा कामगाराने झगडून मिळविलेला हक्क झाला, आणि दिवाळीच्या इतिहासातला हा पालट मला कोणत्याही रोषणाईहून तेजस्वी वाटतो.

१९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे दिवाळीपूर्वी रेशनच्या दुकानापुढे साखरेसाठी रांगा लागत, आणि सणाला मिळणाऱ्या जादा साखरेच्या बातमीची वाट सगळे घर पाहत असे. त्या टंचाईतही करंज्या झाल्या, फक्त संख्येने कमी. आता साखर मुबलक आहे, पण वेळ नाही. स्त्रिया कचेरीत जातात, फराळ दुकानातून येतो किंवा महिला गृहउद्योगांकडून मागविला जातो, आणि त्याचेच डबे खोक्यांत बंद होऊन सातासमुद्रापलीकडच्या मुलामुलींकडे रवाना होतात. याचा खेद करण्याचे कारण नाही. ज्या श्रमांनी आमच्या आज्यांच्या पाठी वाकल्या ते श्रम कमी झाले हे इष्टच झाले. दुकानातली चकली खाल्ल्याने दिवाळी उणी होत नाही. ती उणी होते ती घरातली माणसे एकमेकांच्या हाताखाली काहीच करीनाशी होतात तेव्हा. म्हणून कामे थोडी करावी, पण सर्वांनी मिळून करावी. अनारसे बापाने थापावे, कंदिलाच्या कामट्या मुलीने तासाव्या, आणि आईने एखादी दुपार अंक वाचीत लोळावे. सुटी हा शब्द घरातल्या प्रत्येकाला लागू झाल्यावाचून दिवाळीची सुटी पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

वाचकांना शेवटी एक विनंती करावीशी वाटते. राज्यांची दफ्तरे सांभाळावयास सरकारे आहेत, परंतु घरांची दफ्तरे घरांनीच सांभाळावयाची असतात. आपल्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, जुन्या फडताळात आजीच्या हातची फराळाच्या सामानाची यादी, आजोबांची जमाखर्चाची वही, भाऊबिजेला काय ओवाळणी पडली याची टिपणे, ‘मूळ धाडतो’ अशा मजकुराची पोस्टकार्डे असतील. दिवाळीची साफसफाई करताना ती रद्दीत जातात, आणि त्यांच्याबरोबर मराठी घराचा इतिहासही जातो. यंदा ती रद्दीत घालू नका. ती झटकून, कुणाची, कुठली आणि कोणत्या सालची हे वर लिहून नीट ठेवा. आणि घरात वृद्ध माणूस असेल तर या सुटीत त्याच्यापाशी बसून त्याच्या लहानपणची दिवाळी त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.